इलेक्ट्रिक गाडीच्या अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा सेन्सर खरोखर बिघडला आहे, हे कसे ठरवावे?

होटगीरोडकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. माझ्याकडे इलेक्ट्रिक चारचाकी आहे आणि कामानिमित्त सोलापूरहून तुळजापूर, मोहोळ, कधी पंढरपूर असे फिरणे असते. उन्हाळा सुरू झाल्यापासून गाडीला एक त्रास लागला आहे. दुपारच्या वेळी, बहुधा खराब रस्त्यावर किंवा घाट चढताना, पेडल दाबूनही गाडी उचलत नाही, समोर कासवाचा दिवा लागतो आणि वेग एका मर्यादेपुढे जातच नाही. गाडी कडेला घेऊन पूर्ण बंद केली आणि पुन्हा चालू केली, की काही झालेच नव्हते अशी धावते. गेल्या आठवड्यात तुळजापूरच्या घाटात मागे ट्रक असताना हे झाले आणि घरचे सगळे घाबरले.

सेवा केंद्रात स्कॅनर लावल्यावर पी२१३८ हा कोड निघाला. पेडलचा संपूर्ण संच बदलावा लागेल, सेन्सर सुटा मिळत नाही, वॉरंटीत बसत नाही, आणि बदलल्यानंतर दोष राहिला तरी तो भाग परत घेतला जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. रक्कम लहान नाही. पैसे भरण्याआधी सेन्सरच दोषी आहे याची खात्री करून घेता येते का? येत असेल तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

शिल्पनिदेशक | सोमवार, रात्री १०:२५

खात्री निश्चित करता येते, आणि ती केल्याशिवाय भाग बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मी आयटीआयमध्ये मुलांना वाहनविद्युत शिकवतो. त्यांना पहिल्या दिवशी सांगतो तेच इथे लिहितो. कोड हा सर्किटविषयीची तक्रार असतो, कोणता भाग खराब आहे याचा निकाल त्यात नसतो.

पेडलच्या आत एकच सेन्सर नसतो, दोन स्वतंत्र सेन्सर असतात. प्रत्येकाला स्वतःचा ५ व्होल्टचा पुरवठा, स्वतःचा अर्थ (म्हणजे अर्थिंगची, परतीची ऋण तार) आणि स्वतःची सिग्नलची तार असते, म्हणून बहुतेक पेडलांच्या कनेक्टरला सहा तारा दिसतात. पुष्कळ गाड्यांत पहिल्या सिग्नलचे व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असते. पेडल मोकळे असताना पहिला ०.७ ते ०.८ व्होल्टच्या आसपास आणि दुसरा त्याच्या निम्मा. काही उत्पादक दोन सिग्नलांत ठरावीक अंतर ठेवतात, तर काही एक चढता आणि एक उतरता ठेवतात. गाडीचा मुख्य नियंत्रक दोन्ही सिग्नलांची सतत तुलना करतो. त्यांचा ठरलेला मेळ बसला नाही, की चालकाला नक्की किती वेग हवा आहे यावर नियंत्रकाचा विश्वास उरत नाही आणि तो शक्ती मर्यादित करतो. पी२१३८ म्हणजे एवढेच की दोन सिग्नलांचा मेळ बसला नाही. तो सेन्सरमुळे बसला नाही, तारेमुळे, कनेक्टरमुळे की पुरवठ्यामुळे, हे कोडमध्ये लिहिलेले नसते.

आपण दोन गोष्टी कळवा. या कोडसोबत आणखी कोणते कोड होते का? आणि कोड नोंदला गेला त्या क्षणाची माहिती, म्हणजे वेग, पेडलची टक्केवारी, १२ व्होल्ट बॅटरीचे व्होल्टेज, स्कॅनरवर दिसली होती का?

सातरस्ता | सोमवार, रात्री १०:५०

सगळ्यांत आधी पायाखालची मॅट काढून पाहा. जाड मॅट पेडलखाली सरकली तर पेडल पूर्ण दाबले जात नाही आणि माणसाला वाटते की गाडी उचलत नाही.

शिल्पनिदेशक | सोमवार, रात्री ११:०५

सातरस्ता यांची सूचना योग्य आहे. पेडल यांत्रिकदृष्ट्या मोकळे आहे ना, हे पाहण्याला पैसे लागत नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये टेस्लाने ३,८७८ सायबरट्रक परत बोलावल्या होत्या, कारण पेडलवरचे आवरण सरकून वरच्या पट्टीत अडकू शकत होते आणि पेडल दाबलेलेच राहण्याचा धोका होता. त्यात सेन्सरचा काहीही संबंध नव्हता. मात्र मॅटमुळे पी२१३८ येत नाही, कारण मॅटने पेडल अडले तरी दोन्ही सेन्सर सारखेच अडतात.

भीमाकाठ | मंगळवार, सकाळी ७:३०

माझे मत वेगळे आहे. घाटात मागे ट्रक असताना गाडी मंदावते आणि आपण मल्टीमीटर घेऊन शोध करत बसायचे, हे मला पटत नाही. पेडल हा जिवाशी संबंधित भाग आहे. पंढरपुरात माझी दोन इलेक्ट्रिक वाहने भाड्याने चालतात. त्यांपैकी एकाला असाच दोष आला तेव्हा मी सरळ नवा संच बसवून घेतला आणि तो त्रास पुन्हा झाला नाही. दोन दिवस गाडी उभी राहिली तर तेवढेच नुकसान होते. शिवाय सेन्सर खराब होत नाहीत असे कोणी समजू नये. टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींवर अमेरिकेत नासाच्या अभियंत्यांनी चौकशी केली होती आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये आला. नादुरुस्त पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाचे केसासारखे बारीक तंतू वाढून दोन सिग्नल एकमेकांना जोडले गेल्याचे त्यांना आढळले होते.

रेखा_जुळेसोलापूर | मंगळवार, सकाळी ८:१५

भीमाकाठ दादा, तो अहवाल मीही वाचला आहे, आणि त्याचा पुढचा भागही इथे सांगायला हवा. ते तंतू पोटेन्शिओमीटर प्रकारच्या, म्हणजे घासून चालणाऱ्या पट्टीच्या सेन्सरमध्ये सापडले होते. मोठ्या प्रमाणावर आपोआप वेग वाढण्यामागे इलेक्ट्रॉनिक कारण असल्याचा पुरावा मात्र त्या चौकशीत मिळाला नाही. आजच्या पेडलांत बहुतेक ठिकाणी हॉल सेन्सर असतो. त्यात चुंबक फिरतो, काहीही घासत नाही, त्यामुळे झिजण्यासारखे फारसे नसते. म्हणूनच हॉल प्रकारच्या पेडलात असा कोड आला, तर संशयाची सुई आधी तारा आणि कनेक्टरकडे वळली पाहिजे.

महाविद्यालयात असताना आम्ही फॉर्म्युला स्टुडंटसाठी इलेक्ट्रिक गाडी बांधली होती. त्या स्पर्धेच्या नियमांत हीच तपासणी आकड्यांत लिहिलेली आहे. दोन पेडल सेन्सरांत पेडलच्या प्रवासाच्या १० टक्क्यांहून अधिक फरक १०० मिलिसेकंदांहून जास्त काळ राहिला, तर मोटरची शक्ती तोडलीच पाहिजे. रस्त्यावरच्या गाड्यांच्या मर्यादा उत्पादक आपापल्या ठरवतात, पण विचार तोच आहे. १०० मिलिसेकंद किती थोडे असतात हे लक्षात घ्या. खड्ड्यात चाक आदळून कनेक्टरमधील एखादी पिन क्षणभर सैल झाली तरी तेवढा वेळ सहज भरतो.

होटगीरोडकर यांच्या वर्णनातील "खराब रस्त्यावर" हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात.

अण्णा_एमआयडीसी | मंगळवार, दुपारी १:४०

अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळ माझे गॅरेज आहे. ई-रिक्षा, स्कूटर आणि आता चारचाकीही येतात. भीमाकाठ मालकांचे म्हणणे धंद्याच्या दृष्टीने मला समजते, पण त्यांच्या गाडीत नवा संच बसवताना जुना कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवला गेला, हेही झालेच असणार. दोष पेडलचा होता की त्या पिनचा, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

ई-रिक्षातील एक प्रकार सांगतो, कारण तो चारचाकीलाही लागू पडतो. एका रिक्षावाल्याने थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवण्याची मूठ, बदलून घेतला होता, तरी पावसाळ्यात रिक्षा मध्येच थांबायची आणि थ्रॉटलचाच दोष दाखवायची. थ्रॉटलला तीन तारा असतात, ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. मोजले तर ५ व्होल्टच्या तारेवर २ व्होल्टही मिळत नव्हते. कंट्रोलरमधून निघणारी तीच ५ व्होल्टची ओळ मोटरच्या आतील हॉल सेन्सरांनाही जाते. मोटरकडचा कनेक्टर काढला आणि थ्रॉटलचे ५ व्होल्ट लगेच परत आले. मोटरच्या तारा जिथे बाहेर येतात तिथून पाणी आत शिरले होते आणि ती ओळ अर्थला ओढली जात होती. नवा थ्रॉटल आणि जुना थ्रॉटल, दोन्ही निर्दोष होते.

चारचाकीत सहसा पेडलच्या दोन सेन्सरांना वेगवेगळे पुरवठे असतात, पण त्यांपैकी एखादा पुरवठा एसीच्या गॅसचा दाब मोजणाऱ्या सेन्सरसारख्या दुसऱ्या भागालाही दिलेला असू शकतो. तसे असेल तर पी०६४२ किंवा पी०६५२ असे पुरवठ्याचे कोडही सोबत येतात. म्हणून निदेशक सरांनी सोबतच्या कोडांविषयी विचारले ते अगदी बरोबर.

सातरस्ता | मंगळवार, दुपारी २:१०

अण्णा, रिक्षाच्या थ्रॉटलची अर्थची तार तुटली तर रिक्षा थांबते की पळते? माझ्या शेजाऱ्याची रिक्षा चावी फिरवताच पुढे सुटली होती.

अण्णा_एमआयडीसी | मंगळवार, दुपारी २:३५

अर्थ तुटला की हॉल थ्रॉटलचे सिग्नल व्होल्टेज वर ५ कडे जाऊ शकते, म्हणजे कंट्रोलरला पूर्ण थ्रॉटल दिल्यासारखे दिसते. चांगल्या कंट्रोलरमध्ये अवाजवी जास्त सिग्नल आला तर मोटर न चालवण्याची सोय असते. स्वस्त कंट्रोलरमध्ये ती असेलच असे नाही. तिथे एकच सेन्सर असल्यामुळे तुलना करायला दुसरा सिग्नलही नसतो. शेजाऱ्यांना सांगा की अर्थची तार तपासल्याशिवाय ती रिक्षा रस्त्यावर आणू नका.

होटगीरोडकर | मंगळवार, रात्री ८:५०

सर्वांचे आभार. सेवा केंद्राकडून छापील अहवाल मागून घेतला. त्यात पी२१३८ वारंवार नोंदलेला आहे आणि एकदा पी२१२८ आहे. पुरवठ्याचा एकही कोड नाही. १२ व्होल्ट बॅटरीचे व्होल्टेज नोंदीच्या वेळी १३.९ होते. पेडल संच हॉल प्रकारचा आहे, असे तिथल्या तंत्रज्ञाने सांगितले.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली. सकाळी लवकर निघतो तेव्हा हा त्रास होत नाही. दुपारी होतो, तेव्हा एसी पूर्ण चालू असतो. बॅटरी तापल्यामुळे गाडी शक्ती कमी करत असेल का?

रेखा_जुळेसोलापूर | मंगळवार, रात्री ९:३०

बॅटरी किंवा इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागते तशी करून देणारा भाग) तापल्यास, चार्ज फार उतरल्यास किंवा एखादा सेल कमजोर असल्यासही शक्ती कमी होते आणि कासवाचा तोच दिवा लागू शकतो. सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर राहत असल्याने ही शंका रास्त आहे. पण त्या कारणांनी पेडलच्या दोन सिग्नलांचा मेळ बिघडत नाही.

हा फरक स्कॅनरच्या चालू आकड्यांवरून स्वच्छ कळतो. तीन आकडे एकत्र पाहायचे असतात: पेडलची टक्केवारी, नियंत्रकाने मोटरकडे मागितलेला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आणि मोटरने प्रत्यक्ष दिलेला टॉर्क. पाय स्थिर असताना पेडलचाच आकडा उडत असेल, तर दोष पेडलच्या बाजूला आहे. पेडल स्थिर आणि मागणी मात्र खाली येत असेल, तर नियंत्रक कोणत्या तरी कारणाने मर्यादा घालतो आहे, आणि त्या वेळी ब्रेकचा स्विचही पाहावा, कारण ब्रेक दाबलेला दिसला तर अनेक गाड्या पेडलची मागणी मानत नाहीत. मागणी पूर्ण असून मोटर कमी देत असेल, तर इन्व्हर्टर, बॅटरी किंवा मोटरकडे जायचे.

बाजारातील स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरवर मात्र अवलंबून राहू नका. इलेक्ट्रिक गाड्यांत हे आकडे बहुधा उत्पादकाच्या स्वतःच्या संकेतांत दडलेले असतात. तो स्कॅनर काहीही दाखवणार नाही आणि आपल्याला वाटेल की सगळे ठीक आहे.

शिल्पनिदेशक | मंगळवार, रात्री १०:१५

पी२१२८ हा धागा फार मोलाचा आहे. पी२१२२ आणि पी२१२३ हे पहिल्या सेन्सरच्या सर्किटचे, अनुक्रमे व्होल्टेज कमी आणि जास्त असल्याचे कोड. पी२१२७ आणि पी२१२८ हे दुसऱ्याचे. बहुतेक नियंत्रकांत अशी रचना असते की सिग्नलची तार तुटली किंवा ५ व्होल्टचा पुरवठा गेला, तर व्होल्टेज शून्याकडे ओढले जावे, म्हणजे "कमी"चा कोड यावा. "जास्त"चा कोड दोन कारणांनी येतो. एक तर सिग्नलची तार ५ व्होल्टच्या तारेला कुठेतरी टेकत असते, किंवा त्या सेन्सरचा अर्थ तुटलेला वा कमजोर असतो. त्यामुळे आपल्या गाडीत मी सर्वांत आधी दुसऱ्या सेन्सरची अर्थची तार तपासेन.

मोजणी करण्यापूर्वी सुरक्षिततेचे थोडे लिहितो आणि ते कृपया कोणी वगळू नये. पेडलचे सर्किट ५ व्होल्टचे आहे, त्यात धोका नाही. परंतु नारिंगी आवरणाच्या कोणत्याही तारेला हात लावायचा नाही, त्या शेकडो व्होल्टच्या असतात. पिवळ्या आवरणाच्या तारा आणि कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांनाही नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावून उभी करावी. ब्रेक न दाबता बटन दाबून फक्त विद्युतपुरवठा चालू करावा. "रेडी" चा दिवा लागू देऊ नये. इलेक्ट्रिक गाडी "रेडी" असताना आवाज करत नाही, आणि ती गिअरमध्ये असेल तर पेडल तपासण्यासाठी दाबताच पुढे झेपावते.

मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागच्या बाजूने, तारेच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजावे. तारेचे आवरण टोचू नये, तिथूनच पुढे ओल शिरते आणि तांबे सडते. हॉल सेन्सर ओहमवर मोजून उपयोग नाही. तो इलेक्ट्रॉनिक चिप असल्यामुळे मिळणारा आकडा काहीच सांगत नाही.

आता प्रत्येक सेन्सरचा पुरवठा, त्याचा अर्थ आणि त्याचा सिग्नल मोजा. अर्थ मोजताना मीटरची काळी तार १२ व्होल्ट बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार पेडलच्या अर्थच्या पिनला लावा. तिथे काही मिलिव्होल्टच दिसायला हवेत, ०.१ व्होल्टहून जास्त दिसले तर त्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. सिग्नल पेडल मोकळे असताना आणि पूर्ण दाबलेले असताना, दोन्ही वेळा मोजा. मधल्या प्रवासात पेडल अगदी सावकाश दाबत आकडा कुठे अचानक पडतो का ते पाहा. मीटरला किमान-कमाल नोंदवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवून वायरिंग हाताने हलवा.

भीमाकाठ | बुधवार, सकाळी ७:०५

मोजणीची पद्धत उत्तम लिहिली आहे, हे मान्य करतो. तरी एक आक्षेप कायम आहे. सामान्य मालकाने डॅशबोर्डखाली वाकून हे करावे काय? मोजताना सगळे बरोबर आले आणि घाटात पुन्हा तेच झाले, तर जबाबदारी कोणाची?

शिल्पनिदेशक | बुधवार, सकाळी ७:५०

आक्षेप योग्य आहे. ज्यांना मीटरची सवय नाही त्यांनी स्वतः करू नये. जाणत्या वायरमनकडून करून घ्यावे. वॉरंटी शिल्लक असेल तर सेवा केंद्राबाहेर कनेक्टरला हात लावण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. आणि दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये, शहरातही कमी वेगाने आणि रस्त्याच्या डाव्या कडेने चालवावी. मात्र भाग बदलणाऱ्यालाही तोच प्रश्न लागू होतो. न मोजता नवा संच बसवला आणि दोष वायरिंगमध्येच राहिला, तर मालक निश्चिंत होऊन घाटात जाईल. ते अधिक धोक्याचे आहे.

प्रवासी_विजापूररोड | बुधवार, सकाळी १०:२०

एसीचा उल्लेख वाचून सुचले. चालकाच्या किंवा शेजारच्या पायाखालचा गालिचा ओला लागतो का ते पाहा. आपल्याकडे धूळ फार आहे. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी धुळीने तुंबली की पाणी आत गळते. माझ्या टॅक्सीत, ती डिझेलची होती, अशा पाण्याने डॅशबोर्डखालचा एक कनेक्टर हिरवा पडला होता. उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का तेही त्याच वेळी पाहून घ्या. ज्वारीची पोती ठेवलेल्या गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल तर हा प्रकार नेहमीचा आहे.

होटगीरोडकर | गुरुवार, रात्री ९:१५

आज अण्णांच्या गॅरेजमध्ये गेलो होतो. त्यांनी सर्व मोजणी माझ्यासमोर केली. आकडे जसेच्या तसे देतो.

दोन्ही पुरवठे ५.०० व्होल्ट. पहिल्या सेन्सरचा अर्थ ०.०१ व्होल्ट. दुसऱ्या सेन्सरचा अर्थ ०.४० व्होल्ट, आणि कनेक्टर हलवला की तो कमी-जास्त होतो. पेडल मोकळे असताना पहिला सिग्नल ०.७५ आणि दुसरा ०.७४. पेडल पूर्ण दाबल्यावर पहिला ३.९० आणि दुसरा २.१९. उत्पादकाच्या माहितीनुसार दुसरा नेहमी पहिल्याच्या निम्मा हवा.

मधला गालिचा खालून ओला होता. विजापूररोडच्या काकांचा अंदाज तंतोतंत खरा निघाला.

सातरस्ता | गुरुवार, रात्री ९:३०

मोकळे असताना दोन्ही जवळजवळ सारखे आणि दाबल्यावर बरेचसे ठीक, हे कसे? सेन्सर खराब असता तर सगळीकडेच चुकला असता ना?

रेखा_जुळेसोलापूर | गुरुवार, रात्री १०:१०

सातरस्ता यांनी नेमका प्रश्न विचारला आहे, आणि माझ्या मते या धाग्यातील सर्वांत उपयोगी गोष्ट त्याच्या उत्तरात आहे.

हे सेन्सर आपल्याला मिळालेल्या पुरवठ्याच्या ठरावीक प्रमाणात सिग्नल देतात. दुसरा सेन्सर मोकळ्या पेडलला ५ व्होल्टचा ७.५ टक्के, म्हणजे ०.३७५ व्होल्ट, आणि पूर्ण दाबल्यावर ३९ टक्के, म्हणजे १.९५ व्होल्ट द्यायला हवा. आता त्याचा अर्थ ०.४० व्होल्टने वर उचलला गेला आहे, म्हणून सेन्सरला प्रत्यक्षात मिळतात ५ वजा ०.४, म्हणजे ४.६ व्होल्ट. त्याचे ७.५ टक्के ०.३४५ होतात, त्यात उचललेले ०.४० मिळवले की ०.७४५. पूर्ण दाबल्यावर ४.६ चे ३९ टक्के १.७९, अधिक ०.४०, म्हणजे २.१९. अण्णांच्या मीटरवर हेच आकडे आले आहेत. म्हणजे सेन्सर आपले प्रमाण अगदी चोख पाळतो आहे, फक्त त्याच्या पायाखालची जमीन वर आली आहे.

यातून एक ओळख मिळते. चूक मोकळ्या पेडलला जास्त आणि दाबल्यावर कमी होत असेल, तर अडथळा अर्थच्या बाजूला असतो. मोकळ्या पेडलला कमी आणि दाबत जावे तसतशी वाढत असेल, तर अडथळा ५ व्होल्टच्या पुरवठ्याच्या बाजूला असतो. प्रवासाच्या एखाद्याच ठिकाणी आकडा पडत असेल, विशेषतः घासणाऱ्या पट्टीच्या पेडलात जिथे पाय सर्वाधिक वेळ राहतो तिथे, तर मात्र सेन्सरच झिजला आहे आणि संच बदलणे योग्य आहे. पी२१२८ एकदाच का आला तेही यावरून समजते. त्या क्षणी पिन पूर्ण सुटली असावी आणि सिग्नल एकदम वर गेला असावा.

अण्णा_एमआयडीसी | शुक्रवार, दुपारी १२:३०

रेखाताईंनी हिशोब मांडून दाखवला, बरे वाटले. आम्ही हे हाताने शोधतो, पण आकड्यांनी कळले की गिऱ्हाइकालाही पटते.

कनेक्टर उघडल्यावर दुसऱ्या सेन्सरच्या अर्थची पिन हिरवट पडलेली आणि तिची पकड ढिली झालेली दिसली. पुष्कळ जण अशा वेळी नुसता स्प्रे मारून कनेक्टर परत लावतात. त्याने काही दिवस गाडी चालते आणि पावसाळ्यात दोष परत येतो. गंज तारेच्या आत, आवरणाखाली चढलेला असतो. म्हणून मी तार काळी पडलेल्या भागापासून मागे कापली, चांगले तांबे लागेपर्यंत. नवीन टर्मिनल योग्य क्रिम्पिंग पक्कडने दाबून बसवले आणि शेजारच्या पाचही पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पकड तपासली. इथे सोल्डर करू नये असे माझे मत आहे. सोल्डरने तार त्या जागी ताठ होते आणि कंपनाने त्याच कडेला तुटते. दुरुस्तीनंतर अर्थवर ०.०१ व्होल्ट आणि सिग्नल ०.७५ व ०.३७ मिळाले.

एसीच्या पाण्याची नळी हवेने साफ केली. ती तशीच राहिली असती तर नवीन पिनही सडली असती, आणि नवा पेडल संच बसवला असता तर त्याच्याही पिना त्याच पाण्यात राहिल्या असत्या.

भीमाकाठ | शुक्रवार, दुपारी ३:४५

हे वाचून समाधान झाले. माझ्या दुसऱ्या वाहनाचा गालिचा उद्याच उचलून पाहतो. एक विचारायचे आहे. काही गाड्यांत नवा संच बसवल्यावर स्कॅनरने शून्य स्थिती शिकवावी लागते असे ऐकले आहे. नुसती पिन बदलली तरी ते करावे लागते का?

शिल्पनिदेशक | शुक्रवार, सायंकाळी ६:२०

पेडल संच बदलला तर अनेक गाड्यांत मोकळ्या पेडलची स्थिती स्कॅनरने शिकवावी लागते. त्या वेळी पेडलवर पाय असता कामा नये. केवळ पिन बदलल्यास सहसा गरज नसते, परंतु जुने कोड पुसल्यानंतर पेडल मोकळे असताना टक्केवारी शून्य दिसते ना, ते पाहून घ्यावे. एक सूक्ष्म मुद्दा असा की, एका पेडलवर चालणाऱ्या गाडीत पाय उचलल्यावर मोटर गाडीचा वेग खेचून बॅटरीत ऊर्जा परत भरते. मोकळ्या पेडलला नियंत्रक २ किंवा ३ टक्के वाचत राहिला, तर ती रोध शक्ती कमी लागते आणि चालकाला ब्रेक ढिला वाटू लागतो. त्यामुळे वेग कसा वाढतो एवढेच न पाहता पाय उचलल्यावर गाडी पूर्वीइतकी आवळते का, तेही तपासावे.

होटगीरोडकर | रविवार, रात्री ८:००

काल भर दुपारी एसी पूर्ण चालू ठेवून आधी होटगी रोडच्या खडबडीत भागात आणि मग, अण्णांना शेजारी बसवून, तुळजापूरच्या घाटात गाडी चालवली. कासवाचा दिवा लागला नाही. परत आल्यावर स्कॅनर लावला, एकही नवा कोड नाही. मोकळ्या पेडलला टक्केवारी शून्य आहे आणि पाय उचलल्यावर गाडी नेहमीसारखी आवळते.

सेवा केंद्राला मोजणीचे आकडे लेखी कळवले आहेत. पेडल संचाची मागणी रद्द केली.

सातरस्ता | रविवार, रात्री ८:२५

अण्णा, शेजाऱ्याची रिक्षा मंगळवारी घेऊन येतो. अर्थच्या तारेचे जोडकाम चिकटपट्टी गुंडाळून केलेले आहे, आज उघडून पाहिले.

अण्णा_एमआयडीसी | रविवार, रात्री ८:४०

आणा, पण चालवत आणू नका. टेम्पोत घालून आणा, आणि चावी फिरवण्याआधी मागची चाके उचललेली असू द्या.